बंदीतला मासा

दत्तात्रेय घरतांवर बंदीच्या दिवसांत मासा मारल्याचा आळ आला, तेव्हा ते बोर्ली पंचतनातल्या आपल्या दिवाणखान्यात लुंगी नेसून बसले होते. हातात जाळं नव्हतं, गळ नव्हता. होतं ते प्लास्टिकचं एक काळं खेळणं, दोन्ही हातांनी धरायचं आणि अंगठ्यांनी चालवायचं. त्या खेळण्यापायी एका सरळमार्गी निवृत्त माणसाच्या अब्रूचं कसं मातेरं झालं ते ऐका. मध्येच हसू आलं तर खुशाल हसा, घरतसाहेबांना आता त्याची सवय झाली आहे.

साहेब म्हणजे काही फार मोठे साहेब नव्हेत. मासळीखात्यात परवान्यांच्या टेबलावर त्यांचं आयुष्य गेलं. पण दरवर्षी जून लागला की दिघीच्या धक्क्यावर भोंगा घेऊन "आजपासून बंदी! इंजिनाच्या होड्या वर ओढा!" असं ओरडायचं काम त्यांच्याकडे असे, आणि ते काम ते फार मनापासून करत. हे दोन महिने माशांच्या विणीचे, तेव्हा दर्यात जायचं नाही, हा सरकारचा नियम. कोळ्यांची मर्यादा त्याच्याही पुढची. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिल्याशिवाय होडी लोटायची नाही. साहेब दोन्ही पाळत आणि दुसऱ्यालाही पाळायला लावत. कोणी चोरून गेलाच आणि धक्क्यावर सापडला, तर "साहेब, मासा गावला व्हता, पन सोडून दिला," असं हमखास सांगायचा. साहेबांनी त्यातल्या एकाचंही कधी खरं मानलं नाही.

त्यांचं आणखी एक व्रत होतं. परवाना देणाऱ्याने परवाना घेणाऱ्याच्या होडीत पाय ठेवायचा नाही. उद्या तोच म्हणायचा, साहेब माझ्या होडीत बसलेत, आता जरा माझं बघा. त्यामुळे जन्मभर होड्यांच्या कागदांवर सह्या करूनही हा गृहस्थ कधी मासेमारीच्या होडीत बसला नाही. बापाच्या व्रतापायी त्याचा मुलगाही बसला नाही.

निवृत्तीनंतर घर हळूहळू रिकामं झालं. बायको कमळ पनवेलला हेमालीच्या, म्हणजे लेकीच्या, बाळंतपणाला गेली. सव्वा महिन्याच्या बोलीवर गेलेली ही बाई, नातवाला दात येऊन तो लोकांना चावायला लागला तरी परतली नव्हती. मुलगा निकेत आयर्लंडात. तो रविवारी फोन करायचा. "जेवलास?" "हो." "पाऊस?" "आहे. तिकडे?" "इकडेपण आहे." "बरं, ठेवतो." एवढं बोलून दोघांनाही हायसं वाटायचं आणि मग दिवसभर दोघांनाही वाईट वाटायचं. पुढचा रविवार पुन्हा तसाच.

तर मागच्या खेपेला निकेत आला तेव्हा त्याने तो खेळ आणला, टीव्हीला जोडला आणि जाताना इथेच ठेवून गेला. "बाबा, यात आपण दोघं एकाच वेळी खेळू शकतो. तुम्ही इथून, मी तिथून." साहेबांनी आधी नाक मुरडलं. पण पावसात भिजलेली ती संध्याकाळ जाता जाईना, म्हणून त्यांनी एकदा तो लावून पाहिला.

खेळ असा. एक भलंमोठं बेट. त्यावर डोंगर, गावं, बाजार, चहूबाजूंनी समुद्र. वाटेल तिथे जा, वाटेल ते करा. मुख्य गोष्ट म्हणाल तर, किल्ल्यातल्या एका दुष्ट सरदाराने आपल्या थोरल्या भावाला मारलेलं असतं आणि आपण जाऊन त्याचा सूड घ्यायचा असतो. घरतसाहेब सूड घ्यायला निघालेही होते. पण किल्ल्याच्या वाटेवर एक म्हातारी भेटली, तिच्या कोंबड्या हरवल्या होत्या. त्या शोधून देईपर्यंत पुढच्या वाडीत कोणाचं कुंपण मोडलेलं दिसलं. ते बांधलं. मग पोस्टाची थैली डोंगरापलीकडे पोचवायची होती. सरकारी टपाल म्हटल्यावर नाही कसं म्हणायचं? असं करता करता साहेब समुद्रावर पोचले, तिथे त्यांना टुकटुक आवाज करणारी इंजिनाची एक होडी मिळाली, आणि सूड कायमचा मागे पडला.

"बाबा, निदान किल्ल्याच्या दारापर्यंत तरी जा हो," निकेत म्हणायचा.

"जाऊ की. सरदार कुठे पळून जातोय? बसलाय ना तो किल्ल्यात?"

ज्या माणसाने आयुष्यात कधी होडीत पाय ठेवला नाही तो आता रोज दुपारी होडी घेऊन निघायचा. होडी टीव्हीतली, तिचा परवानाही कुणी साहेबांकडे मागितला नव्हता, त्यामुळे व्रत मोडत नव्हतं. रविवारी जेवणं झाली, की तिकडे निकेतची सकाळ व्हायची आणि तो खेळात यायचा. कामोठ्याचा त्याचा मित्र प्रज्योतही यायचा. कानाला ते माइकवालं यंत्र लावायचं आणि बोलायचं. इथे मात्र नवल घडलं. हातांना काम आणि डोळे समोर पाण्याकडे, अशा वेळी घरतांच्या घरात बोलणं सुचतं हे साहेबांना म्हातारपणी कळलं. निकेतने कोंबडीच्या मागे पळता पळता सांगितलं, की घरमालकीण भाजीच्या वासावरून कुरकुर करते. कुंपण बांधताना सांगितलं, की एक मुलगी होती, आता नाही. साहेबांनी खुंटा ठोकत विचारलं, "आपल्यातली होती?" निकेत म्हणाला, "नव्हती." साहेब म्हणाले, "बरं, तो दुसरा खुंटा दे." एवढं बोलणं फोनवर त्यांना सात जन्मांत जमलं नसतं.

सगळं बरं चाललं होतं आणि जून लागला.

जूनच्या पहिल्या रविवारी निकेत खेळात आला तर बाबांची होडी वाळूवर ओढलेली आणि बाबा तिच्याशेजारी उभे.

"काय झालं? इंजिन बिघडलं?"

"बंदी लागली."

"कोणी लावली? खेळात बंदी-बिंदी काही नसते, बाबा."

"खेळात नसेल, आपल्यात असते."

प्रज्योतने तर डोक्यालाच हात लावला असावा. "काका, काय सीन आहे? अख्खा गेम पडलाय, यार. मासा खोटा, दर्या खोटा, बंदी तेवढी खरी?"

"मी खरा आहे ना?" साहेब म्हणाले.

इथवर थांबले असते तरी निभावलं असतं. पण साहेबांना खेळातल्या त्या धक्क्यावर भलत्याच देशांचे लोक होड्या सोडताना दिसायचे आणि जुनी खोड उसळून यायची. ते पडद्यावरचा आपला माणूस नेऊन त्यांच्या होडीच्या आडवा उभा करायचे आणि मराठीतून विणीच्या हंगामाचं महत्त्व सांगायचे. परदेशी लोक ओरडायचे, हॉर्न वाजवायचे, एकाने तर गोळी घातली. साहेब पुन्हा जिवंत होऊन पुन्हा आडवे. शेवटी कोणीतरी कंपनीकडे तक्रार केली आणि घरतसाहेबांना खेळातून काही दिवस बाहेर काढण्यात आलं. कारण काय, तर इतरांच्या आनंदात अडथळा आणणं. आख्ख्या नोकरीत ज्या माणसावर साधा शेरा नव्हता, त्याच्यावर निवृत्तीनंतर ही कारवाई.

कमळने पनवेलहून फोनवर ऐकलं आणि म्हणाली, "दिघीच्या धक्क्यावर शिव्या खाल्ल्या त्या कमी पडल्या व्हत्या काय? आन् माश्यांच्या मागं हिंडताय तर घरात काय शिजवताय? परत पिठलंच ना?"

"तू कधी येतेस?" असं साहेबांना विचारायचं होतं. पण तेवढ्यात नातू कोणाला तरी चावला आणि फोन ठेवावा लागला.

जुलै लागला तशी एक वाईट बातमी आली. खेळाच्या कंपनीने जाहीर केलं, की महिनाअखेरीपासून मिळून खेळायची सोय बंद. एकट्याला खेळता येईल, बेट राहील, समुद्र राहील, पण तिथे दुसरं कोणी असणार नाही. का, तर म्हणे खेळणारे कमी झाले. साहेबांना आधी नीट समजलं नाही. मग समजलं, तेव्हा त्यांनी खेळणं खाली ठेवलं आणि उगाचच गॅलरीत जाऊन बुळबुळीत झालेल्या फरशीकडे बघत उभे राहिले.

त्या रविवारी निकेत म्हणाला, "बाबा, एक काम राहिलंय. तिकडे बेटाच्या मागे खोल पाण्यात एक मोठा मासा आहे. तो एकट्याला मिळत नाही. एकाने होडी सांभाळायची, दुसऱ्याने गळ. एकदा आपण दोघं जाऊ."

"पौर्णिमेनंतर जाऊ."

"पौर्णिमेला मी त्यात नसेन. काय बोलताय तुम्ही? कळतंय ना?"

म्हातारीच्या कोंबड्या तेवढ्या टीव्हीत ओरडत होत्या.

"लहानपणी मी किती मागे लागायचो," निकेत म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता, हीच वाईट गोष्ट होती. "सगळ्या पोरांना कोणी ना कोणी होडीतून न्यायचं. मला कोणी घ्यायचं नाही, का तर साहेबांचा मुलगा. तुम्ही न्यायचा नाहीत, का तर साहेब. आपण दोघं पाण्यावर गेलो ते फक्त दिघीहून आगरदांड्याला, फेरीबोटीत. त्यातपण तुम्ही कुठल्यातरी अधिकाऱ्याशी बोलत उभे होतात." मग, "असू दे. नसेल जमत तर नको."

'नसेल जमत तर नको' हे साहेबांना फार लागलं.

ते शेजारी अंबाजींकडे गेले. अंबाजींचा मंडप-डेकोरेशनचा धंदा. पावसाळ्यात लग्नं नसल्याने ते ओल्या कनाती वाळवत आणि लोकांना सल्ले देत दिवस काढायचे. साहेबांनी सगळं सांगितलं. अंबाजींनी विडी विझवून विचार केला आणि म्हणाले, "साहेब, सरकारची बंदी कंच्या पाण्याला? आपल्या. टीव्हीतलं पानी कंच्या हद्दीत येतं?"

"प्रश्न हद्दीचा नाही. विणीचा आहे."

"मग नारळ द्या की आधीच," आतून अंबाजींची बायको कोकिळा म्हणाली. "दर्याला काय, कदी दिला तरी पावतो. मी माज्या चुलतभावाच्या साखरपुड्याला पितरांचं आदी आटपून घेतलं व्हतं."

या सल्ल्यावर साहेब रात्रभर तळमळले नाहीत असं म्हणवत नाही. रविवारी जेवण झाल्यावर त्यांनी अंघोळ केली, दुसऱ्यांदा, धूतवस्त्र नेसून टीव्हीपुढे पाट मांडला आणि पाटावर नारळ ठेवला. कोकिळाने त्याला हळदकुंकू वाहिलं. अंबाजी मोबाइल घेऊन फोटो काढायला उभे. बाहेर पाऊस धरून बसला होता, भिंतीला ओल सुटली होती, आणि अशा वातावरणात बापलेक होडीत बसले.

होडी धक्का सोडून निघाली. पुढे निकेत बसला होता, म्हणजे निकेतचा तो टीव्हीतला माणूस, पाठमोरा. टुकटुक टुकटुक. बेट मागे पडलं. "बाबा, डावीकडे घ्या. हां, असंच," निकेत म्हणत होता आणि साहेब डावीकडे घेत होते. गळ टाकला. बराच वेळ काही नाही. मग दोरी ताणली, होडी कलली, निकेत ओरडला, "लागला!" आणि पाण्यातून तो मासा अर्धा वर आला. केवढा मोठा! चंदेरी अंग, माणसाच्या वर उंची. "पकड!" साहेब ओरडले. "सोडू नको!" अंबाजींनी फोटो काढला.

आणि लाइट गेली.

टीव्ही काळा. साहेबांच्या कानात आवाज नाही. तिकडे आयर्लंडात निकेत होडीत एकटाच राहिला, सांभाळायला कोणी नाही, आणि मासा दोरी तोडून गेला. हे नंतर फोनवर कळलं. "जाऊ दे बाबा, तुमची काय चूक?" निकेत म्हणाला. पण आता हातात एकच रविवार राहिला होता, हे दोघांनाही माहीत होतं.

इकडे अंबाजींनी तो फोटो गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला. फोटोत मासा एवढा मोठा आला, की टीव्हीची चौकट बाहेरच राहिली. कडेला घरतसाहेब, धूतवस्त्रात, नारळासकट, तोंड उघडं. खाली अंबाजींनी लिहिलं, 'आपल्या घरत साहेबांनी आज मारलेला मोठा मासा.' त्यांचा हेतू कौतुकाचाच होता, हे मी अंबाजींच्या बाजूने सांगून ठेवतो.

फोटो बोर्लीहून दिघीला गेला, दिघीहून पलीकडे आगरदांड्याला, आणि कुठून तरी फिरून अलिबागपर्यंत. दुसऱ्या दिवशी दारात खाणावळवाला उभा. "साहेब, ती महागाची घोळ मासळी आहे ना? आख्खी घेतो." त्याच्यामागे पुण्याच्या गाडीतलं एक कुटुंब, "काका, ताजा मासा इथेच मिळतो का?" त्यांच्यामागे दिघीची सोनाबाई, डोक्यावर रिकामी पाटी, कमरेवर हात.

सोनाबाई मासळी विकते. तिच्या नवऱ्याची होडी साहेबांनी एकदा बंदीत पकडली होती. ती दारातूनच सुरू झाली. "आमच्या होड्या वर वढून ठेवल्यात, पोरं घरात बसल्यात, सुकटीवर दिस काढताव. आन् साहेब धोतर नेसून, नारल फोडून, बंदीत मासं मारतंय? लाज हाय का न्हाय?"

"सोनाबाई, तो मासा खरा नाही. टीव्हीतला आहे. आणि तोसुद्धा मिळाला नाही. सुटला."

"सुटला?" सोनाबाईने मागे वळून गल्लीला ऐकू जाईल असं विचारलं. "आमी म्हनत व्हतो सोडून दिला, तवा साहेब काय म्हनायचे?"

साहेब काय म्हणायचे ते गल्लीला चांगलंच ठाऊक होतं. गल्ली पोट धरून हसली.

रीतसर तक्रार झाली. चौकशीला आला प्रणय, साहेबांच्याच जागेवरचा नवा अधिकारी. साहेबांनीच त्याला काम शिकवलं होतं. पोरगा बिचारा दारातच संकोचून उभा. "सर, तक्रार आली की पंचनामा करायचाच, हे तुम्हीच शिकवलंत."

"बरोबर आहे. कर."

"मासा कुठे आहे, सर?"

"टीव्हीत होता."

"आता?"

"समुद्रात गेला. टीव्हीतल्या."

प्रणयने घाम पुसला. "असं लिहिलं तर वरचे मलाच विचारतील. मासा नाही, होडी नाही, जाळं नाही, मग फोटो कसला? काहीतरी जप्त केल्याशिवाय पंचनामा पुरा होत नाही, हेही तुम्हीच..." त्याने टीव्हीकडे पाहिलं, मग खेळण्याकडे. "हे दोन्ही नेतो, सर. महिन्याभरात परत मिळेल."

महिन्याभरात! ज्यांनी कधी कोणाची गयावया ऐकून घेतली नाही, ते घरतसाहेब खुर्चीवरून उठले आणि हात जोडायचेच बाकी राहिले. "प्रणय, रविवारपर्यंत थांब. फक्त रविवारपर्यंत. तू ये, पंच आण, तक्रार करणारेही आण. सगळ्यांसमोर खेळून दाखवतो, कसा मासा आणि कसली होडी ते. मग काय न्यायचं ते ने. मला त्यानंतर ते लागणारच नाही."

प्रणय चपापला आणि रविवारचं कबूल करून गेला.

रविवारी घरतांच्या दिवाणखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. अंबाजींनी मंडपाच्या खुर्च्या टाकल्या, पुन्हा लाइट जायला नको म्हणून अंगणात जनरेटर आणून ठेवला आणि दारावर, सवयीने, एक झालरही लावली. कोकिळाने सगळ्यांना चहा केला. प्रणय कागद घेऊन पुढे बसला. पंच म्हणून अंबाजी आणि सोनाबाई. दिघीची चार कोळी माणसं भिंतीला टेकून, दोन्ही हात काखेत घालून उभी. सगळ्यांना ऐकू यावं म्हणून आवाज टीव्हीतून मोठा लावला होता.

"बाबा, तिकडे एवढा गलका कसला?" निकेत म्हणाला.

"पंचनामा आहे. तू चल."

बापलेक होडीत बसले. होडी निघाली तसे सगळे टीव्हीकडे सरकले. खोल पाण्यात आल्यावर भिंतीजवळच्या माणसांना राहवेना. "साहेब, लाटंच्या तोंडाला घ्या, आडवी नको." "वाईच दम धरा, आता पुढं घ्या." ज्यांना साहेबांनी जन्मभर होड्या वर ओढायला लावल्या, ती माणसं त्यांना होडी हाकायला शिकवत होती आणि साहेब मुकाट्याने ऐकत होते. प्रणयने लिहायचं केव्हाच सोडलं होतं.

दोरी ताणली. "लागला, बाबा!" निकेत ओरडला. खोलीतली सगळी माणसं उभी राहिली. मासा वर आला, पुन्हा बुडाला, पुन्हा आला, आणि या खेपेस उताणा होऊन होडीला घासला. मोठं, फुगलेलं पांढरं पोट वर. एक बटण दाबलं की आत.

"थांबा," सोनाबाई म्हणाली.

सगळे तिच्याकडे बघायला लागले.

"पोट बघा तिचं. गाबोळी हाय तिच्यात."

अंडी भरलेली मादी. खेळ करणाऱ्या कुठल्या दूरच्या माणसाने ते पोट तसं का काढलं असेल, देव जाणे. कदाचित नुसतं मोठं दिसावं म्हणून. पण खोलीतल्या एकालाही त्यात शंका राहिली नाही. आत्तापर्यंत आरडाओरडा करणारी कोळी माणसं खाली बघायला लागली. दत्तात्रेय घरतांचा अंगठा बटणावर तसाच राहिला. हा मासा घेतला नाही तर आता पुन्हा कधीच नाही, हे त्यांना माहीत होतं. मुलाने आयुष्यात मागितलेली ही एक गोष्ट.

"निकेत," ते म्हणाले.

निकेत म्हणाला, "ऐकलं मी. सोडा बाबा."

त्यांनी दोरी सोडली. मासा एकदा फिरला आणि खाली गेला. प्रणयने कागदाची घडी करून खिशात ठेवली. "काय नेऊ, सर? काही नाहीच," म्हणाला. सोनाबाई जाताना साहेबांपाशी थांबली. "सोडलात, मी बघितला," म्हणाली, आणि पदर खोचून बाहेर पडली. एकेक करून सगळे गेले. अंबाजींनी हळूच जनरेटर बंद केला, कारण लाइट त्या दिवशी गेलीच नव्हती.

बापलेक होडीतच राहिले. मासा नव्हता, काम नव्हतं, परत जायची घाई नव्हती. निकेतचा माणूस पुढे बसलेला, बाबांचा मागे. पाणी हलत होतं. ते दोघं बाजार, भाडं, कमळ, त्या मुलीचं नाव, असं काय काय बोलले. निकेत म्हणाला, "हे असंच पाहिजे होतं मला तेव्हा." साहेब म्हणाले, "हो रे." तिकडे निकेतच्या कामाची वेळ झाली आणि त्याला उठावं लागलं. महिना संपला, तशी ती सोय बंद झाली. पडद्यावर दोन ओळींची सूचना आली, एवढंच.

ऑगस्टात बंदी उठली. पौर्णिमा अजून यायची होती. पुढच्या रविवारी जेवण झाल्यावर साहेबांनी सवयीने टीव्ही लावला. बेट होतं, म्हातारी होती, तिच्या कोंबड्या पुन्हा हरवल्या होत्या. त्यांनी होडी लोटली, खोल पाण्यात नेली आणि इंजिन बंद केलं. पुढची फळी रिकामी होती.

फोन वाजला.

"जेवलात?"

"हो."

"पाऊस?"

"आहे."

यानंतर 'ठेवतो' म्हणायची वेळ होती. दोघांपैकी कोणीच म्हणेना.

"काय करताय, बाबा?"

"होडीत बसलोय."

"एकटेच?"

साहेब पुढच्या रिकाम्या फळीकडे बघत राहिले. हात मोकळे होते, काही ओढायचं नव्हतं, काही ठोकायचं नव्हतं. बोलणं सुचायला तसं काही कारण नव्हतं.

"मला करमत नाही रे, निकेत," दत्तात्रेय घरत म्हणाले.

तिकडे नळ चालू होता, तो बंद झाल्याचा आवाज आला.

"मलापण नाही, बाबा," निकेत म्हणाला.